माझ्या पाठीवर उगवलेलं गवत

मित्रांनो, मसोलीच्या तुषार फोटोवाल्याची एक खोड मला आजपर्यंत पचलेली नाही, आणि माझ्या पोटाला चार कप्पे आहेत हे तुम्ही पुस्तकात वाचलं असेलच. हा माणूस आमच्या डोंगरीवर यायचा आणि आल्या आल्या मला तिथून हाकलायचा. दगड मारायचा नाही, तेवढा सभ्य. बारीक खडे मारायचा आणि तोंडाने शुक शुक करायचा, अंगणातल्या कोंबडीला करतात तसं. मी म्हैस आहे. सात वेतं झालेली, अर्ध्या पाड्याची लेकरं माझ्या दुधावर वाढवलेली म्हैस. मला शुक शुक?

पण राग आला म्हणून मधूनच बोलायला लागणं बरं नाही. आधी ओळख सांगते.

मी एक जुनी म्हैस आहे. कपाळावर पांढरा टिळा आहे म्हणून नाव चांदरी. डहाणू तालुक्यात गंजाडच्या पुढे सडक सोडायची, ओहोळाच्या काठाने डोंगराकडे चालत राहायचं, की आमचा पाडा लागतो. चौदा घरं आणि त्यांच्या मागे उभी असलेली डोंगरी. माझा जन्म त्या डोंगरीवरचाच. आईला कळा आल्या तेव्हा ती चरत होती, आणि तिला घरी यायची घाई नव्हती. माझं शिक्षण एका पावसाळ्याचं. वादळात गोठ्याचे पत्रे उडाले म्हणून मला शाळेच्या पडवीत बांधायचे. मुलांची बाराखडी अर्धी झाली आणि पत्रे परत बसले. तिथेच माझी शाळा सुटली. तेव्हा माझ्या बोलण्यात चूक निघाली तर मास्तरांना दाखवू नका.

माझी मालकीण हिराबाई. तिचा नवरा देवजी अगदी कमी बोलतो. घरातलं बोलण्याचं सगळं काम हिराबाईकडेच आहे, आणि ते ती मनापासून करते. धार काढायला बसली की तिच्या तोंडाची धारही सुरू. सून शुक्रीने भात कसा करपवला, सोसायटीच्या रांगेत कोण मध्ये घुसलं, सगळं माझ्या कानात ओतायची. माझं दूध आटलं तरी तिची सवय गेली नाही. संध्याकाळी माझ्याजवळ बसून रिकाम्या हाताने कासेला हात लावायची आणि बोलत राहायची. म्हणून मी न गेलेल्या ठिकाणच्या गोष्टीही मला ठाऊक आहेत.

आता आमच्या डोंगरीचा नेम नीट ऐका. पेरणी झाली की डोंगरी बंद. त्या दिवसापासून वाघबारशीपर्यंत, म्हणजे दिवाळी तोंडावर येईपर्यंत, तिच्यावर एकही खूर टेकवायचा नाही, विळा लावायचा नाही, माणसानेसुद्धा उगाच चढायचं नाही. तेवढे चार महिने आम्ही गुरं बांधावर, ओहोळाच्या कडेला, मिळेल ते ओरबाडून दिवस काढतो. समोर डोंगरीवर गवत गुडघ्याला येतं, मांडीला येतं, कमरेला येतं, आणि आम्ही खालून नुसतं बघायचं. जिभेला पाणी सुटतं हो! पण गवत पिकून त्याचं बी खाली पडल्याशिवाय डोंगरी उघडत नाही. वाघबारशीला सगळी गुरं पायथ्याला न्यायची, देवजीने वाघदेवापुढे नारळ फोडायचा, गुराख्यांनी तिथेच भात शिजवायचा, आणि मग दावी सोडायची. पहिल्यांदा गवत कापणाऱ्या बाया पुढे, त्यांच्यामागे आम्ही. त्या गवताच्या पेंढ्यांवर पाड्याची गुरं पावसापर्यंत जगतात. हा नेम कुणी लिहून ठेवलेला नाही. कुणाला तशी गरजच वाटली नाही.

तुषार पहिल्यांदा आला तो दोन हजार चौदा साली, गणपतीच्या दिवसांत. मसोलीत त्याचा फोटोचा स्टुडिओ. लग्नाचे, बारशाचे, रेशनकार्डाचे फोटो काढून त्याचं पोट भरायचं, पण जीव डोंगरांवर. मोटरसायकल ओहोळाशी ठेवून, गळ्यात कॅमेरा आणि खांद्यावर तीन पायांचं स्टँड घेऊन तो चिखल तुडवत आला. डोंगरी हिरवीगार, तिच्यावर धुकं उतरलेलं. तो बांधावर थांबला तो थांबलाच. त्याचे डोळे भरून आले होते, हे मी स्वतः पाहिलं. त्याला वाईट म्हणायचं म्हणून मी ते लपवणार नाही.

"काकी, हे सगळं कुणाचं?" त्याने विचारलं.

"आमचं. चपला काढ, आणि बांधाच्या पुढं जायचं नाय," हिराबाई म्हणाली.

त्याने चपला काढल्या. बांधावरूनच चार तास फोटो काढले. मधूनच म्हणाला, "काय अनटच्ड आहे! म्हणजे कुणाचा हातच लागलेला नाही."

हिराबाई खो खो हसली. "हात लागला नाय म्हणून तर एवढं उभं हाय. हात न लावायला केवढं राबावं लागतं, ते या चांदरीला विचार."

त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

पुढच्या वर्षी तो वाघबारशीनंतर आला, तिसऱ्या दिवशी सकाळी. डोंगरी तेव्हा सोन्यासारखी पिवळी होते. पाड्याची सगळी गुरं वर पसरली होती, बाया वाकून गवत कापत होत्या, पेंढ्यांचे ढीग लागले होते, पोरं पळत होती. तुषारचं तोंड उतरलं.

"काकी, फक्त एक तास," तो हात जोडून म्हणाला. "सगळ्यांना जरा खाली बोलवा ना. उजेड जाईल. मला डोंगर स्वच्छ पाहिजे."

"स्वच्छ म्हणजे? आम्ही काय घाण हाय?"

"तसं नाही हो काकी! निसर्गाचा फोटो आहे. त्यात माणसं, गुरं आली की लोकांचं लक्ष तिकडे जातं. लोकांना डोंगर दिसला पाहिजे. डोंगर दिसला, आवडला, तरच ते तो वाचवतील ना?"

आमच्या पाड्यात पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही, आणि मागणारा हात जोडून मागत असेल तर अजिबातच नाही. हिराबाईने हाक मारली. बायांनी विळे कमरेला खोवले आणि उतरल्या. पेंढ्यासुद्धा ओढून झुडपांमागे टाकल्या. हिराबाईचा थोरला लाहू गुरं हाकत ओहोळावर घेऊन गेला. सगळा पाडा खाली उभा राहून, आपल्याच डोंगरीकडे पाहुण्यासारखा बघत होता. पोरांना तर ती गंमत वाटली.

मी मात्र गेले नाही. चार महिने वाट पाहून गवताला तोंड लावलं होतं. मला कुणाचा उजेड जातोय याच्याशी काय घेणं? तुषारने खडे मारले, शुक शुक केलं. मी शेपटी हलवली आणि चरत राहिले.

"काकी, ती फ्रेममध्ये येतेय!"

"ती तुझ्या फ्रेममधी नाय आली रे बाबा," हिराबाई खालून ओरडली, "तिच्या डोंगरीवर तू आलास!"

सगळे हसले. तोही हसला. शेवटी कंटाळून त्याने मला कोपऱ्यात ठेवून फोटो काढला. माझी काळी पाठ आणि एक शिंग, एवढीच मी त्यात होते. बरं वाटलं हो मला. तोवर माझा फोटो कुणी काढला नव्हता.

दोन हजार सोळाला तो पेढे घेऊन आला. मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात, निसर्ग वाचवा म्हणून भरवलेल्या, त्याच्या त्या पिवळ्या डोंगरीला पहिलं बक्षीस मिळालं होतं. पुढच्या साली त्याच फोटोचं कॅलेंडर निघालं आणि एक कॅलेंडर त्याने हिराबाईला आणून दिलं. तिने ते देव्हाऱ्याच्या शेजारी टांगलं. येणाऱ्या जाणाऱ्याला हात धरून दाखवायची. "बघ, आमची डोंगरी! मुंबईत लोक रांग लावून बघत्यात." वर्ष संपलं तरी तिने ते उतरवलं नाही. मलाही एकदा दाराशी आणून दाखवलं. मी माझी पाठ शोधली. सापडली नाही. म्हटलं, म्हातारपणी नजर गेली असेल.

हिराबाईची नात निलम तलासरीला अकरावी-बारावी शिकत होती, सुट्टीत घरी यायची. दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात ती घरी आली आणि कॅलेंडरपाशी थांबली. खाली मोठ्या अक्षरांत फोटोचं नाव छापलं होतं. ते नाव घरात वर्षभर टांगलेलं होतं, आणि वाचणारं कुणी नव्हतं.

"आजी, यावर 'निर्जन' लिहिलंय."

"म्हंजी काय गं?"

"म्हणजे जिथं कुणी माणूस राहत नाही."

हिराबाई चुलीपाशी बसली होती. फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "मग आम्ही कोण? भुतं?"

त्या दिवशी त्यावर सगळे हसले, पण दोन महिन्यांनी पंचायतीत कागद आला. डोंगरीवर दगडाची खाण काढायला कुणीतरी अर्ज केला होता. कोण ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. कधी भाई म्हणून कुणी यायचा, कधी शेठ म्हणून. डोंगरी सरकारी कागदात कुणाच्या नावावर नव्हतीच. निलमने कागद वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की सदर जागा पडीक आहे, तिथे वस्ती नाही, चराई नाही, कुणाचा वापर नाही. आणि पुरावा म्हणून काय जोडलं होतं, माहीत आहे? ते कॅलेंडरचं पान. तुषारचे आणखी फोटोही, चार वर्षांचे. भादव्यातले हिरवे, दिवाळीतले पिवळे. सगळे सुंदर आणि सगळे रिकामे.

हरकत घ्यायला एक महिना होता. निलम म्हणाली, आपल्याला एकच गोष्ट दाखवायची आहे, की या डोंगरीवर गुरं चरतात. त्याचा एखादा फोटो पाहिजे. पाड्यात तेव्हा चांगला मोबाईल एकट्या निलमकडे होता, तोही नवा. मग हिराबाई आणि निलम मसोलीला गेल्या. तिथे काय झालं ते हिराबाईने त्याच संध्याकाळी मला सांगितलं, आणि सांगताना तिचा हात माझ्या पाठीवरून हलला नाही.

तुषारने त्यांना बसवलं, थंड पाजलं. कॉम्प्युटरवर सगळे फोटो काढून दाखवले. एकातही जनावर नाही.

"काकी, गुरं आली की मी तो फोटो उडवतो. ठेवून काय करू?"

"आणि बक्षिसाचा?" निलमने विचारलं. "त्यात चांदरी होती. आम्ही सगळे खाली उभे होतो दादा, आम्ही बघत होतो."

तुषार हळू आवाजात म्हणाला, "होती. कोपऱ्यात होती. मी काढून टाकली."

"काढून टाकली म्हणजे?"

"आजूबाजूचं गवत उचललं आणि तिच्यावर लावलं. कॉम्प्युटरमध्ये होतं तसं. मूळ फोटो आता नाही माझ्याकडे."

हिराबाई मला म्हणाली, "ऐकलंस का चांदरे? तुझ्या पाठीवर गवत उगवलंय. तू मेली हायस त्यात, आणि तुझ्यावर गवत."

निलमने त्याला विनवलं. पाहणीला सरकारी साहेब डोंगरी बघायला येणार आहेत, त्यांच्यापुढे एवढंच सांग, की फोटोत म्हैस होती, मी ती पुसली, आणि आधी सगळ्या पाड्याला खाली उतरवलं होतं. तुषारने कपाळाला हात लावला.

"अगं, बक्षीस परत जाईल माझं. नियम आहे तसा. फोटोत काही बदललेलं चालत नाही. सगळीकडे नाव खराब होईल."

"तुझं बक्षीस केवढं असतं रे?" हिराबाईने विचारलं.

"ढाल आहे, काकी. ती बघा ना, तिथे."

"कपाटात मावली की."

"हो."

"आमची डोंगरी कपाटात मावत नाय. म्हणून विचारलं."

तो म्हणाला, मी येतो. बघतो. हिराबाई म्हणाली, बघतो म्हणणाऱ्या माणसाने आजवर काही बघितलेलं तिला आठवत नाही.

साहेबांच्या पाहणीची तारीख आली, ती नेमकी भादव्यात. डोंगरी बंद! आदल्या संध्याकाळी अंगणात सगळा पाडा जमला. मी तिथेच खुंट्याला होते.

लाहू म्हणाला, "उद्या पहाटेच सगळी गुरं वर चढवायची. साहेब आला की त्याला दिसलं पाहिजे. शंभर गुरं चरताना दिसली की कागद फाटला समज."

लक्ष्या गुराखी म्हणाला, "मी चढवतो. एका दिवसानं काय होतंय?"

देवजी नेहमी गप्प असतो. त्या दिवशी बोलला. "वाघबारस नाय झाली. नारळ नाय फुटला."

"बा, डोंगरीच नाय राहिली तर नारळ कुठं फोडणार तुम्ही?"

सगळे हिराबाईकडे बघायला लागले. तिचा शब्द पाड्यात शेवटचा. मित्रांनो, ती माझी मालकीण आहे आणि मी तिचं मीठ खाल्लंय, तरी खरं ते सांगते. त्या संध्याकाळी तिच्यापाशी अभिमान होता, आणि तो फार होता.

"माझ्या आजेसासूपासून हा नेम कुणी मोडला नाय," ती म्हणाली. "एक साहेब येतोय म्हणून आम्ही वाघदेवाशी खोटं वागू? आणि साहेबाला डोळे असतीलच की. कमरेएवढं गवत राखल्याबिगर उभं राहतंय होय? आजूबाजूचे डोंगर बघंल, आमची डोंगरी बघंल. शिकलेला माणूस हाय, त्याला उमजंल."

लाहू काहीतरी पुटपुटला आणि उठून गेला. गुरं बांधलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. सोबत दोघे-तिघे, हातात फाईल. मला पायथ्याशी, बांधाच्या अलीकडे बांधलं होतं, त्यामुळे मी सगळं पाहिलं. वारा होता. अख्खी डोंगरी हलत होती. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. साहेबांनी फाईल उघडली, फोटो बघितला, डोंगरी बघितली, पुन्हा फोटो बघितला.

"इथे तर कुणी पाऊलसुद्धा टाकत नाही," ते म्हणाले. "गवत बघा केवढं वाढलंय."

हिराबाई पुढे झाली. तिने नेम सांगितला, वाघबारस सांगितली, पेंढ्या सांगितल्या. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो.

"आजी, हे कुठे लिहिलेलं आहे का?"

"लिहायला कशाला पाहिजे? आमच्या म्हशीलासुद्धा ठावं हाय."

साहेबांसोबतची माणसं हसली. तेवढ्यात तुषार आला. कॅमेरा आणला नव्हता. निलम धावत त्याच्याकडे गेली.

"साहेब, हा फोटो यांनीच काढलाय. सांग ना दादा. चांदरी होती ना यात?"

साहेबांनी पान त्याच्यापुढे धरलं. "हा फोटो तुमचा? यात काही बदल केलाय?"

तुषारने फोटोकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच, त्याच्यापासून दहा पावलांवर, खरीखुरी उभी होते. मग त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"मी निसर्गाचे फोटो काढतो, सर," तो म्हणाला. "बाकीचं मला सांगता येणार नाही."

आता माझी चूक सांगते. माझं दावं जुनं होतं, दोन पदर तुटलेले. एक हिसका दिला असता तर मी डोंगरीवर असते. साहेबांच्या डोळ्यांसमोर गवतात तोंड घालून उभी राहिले असते, आणि त्या फोटोतलं गवत माझ्या पाठीवरून गळून पडलं असतं. आयुष्यभर मी हट्टी म्हणून पाड्यात बदनाम होते. दावी तोडली, कुंपणं मोडली, लाहूला एकदा ओहोळात ढकललं. आणि नेमक्या त्या दिवशी मी शहाण्यासारखी, नेम पाळून, गुपचूप उभी राहिले. हिराबाईला अभिमान नडला असं मी म्हणते खरी, पण दावं तर माझ्याच गळ्यात होतं.

साहेबांनी लिहून घेतलं आणि गाडी गेली. त्या वर्षीच्या वाघबारशीला देवजीने नारळ फोडला. गवत कापलं, पेंढ्या बांधल्या. निलमने तिच्या मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढले. वाकलेल्या बायांचे, डोक्यावरच्या भाऱ्यांचे, गुरांचे, माझे. एकात तिचं बोट आलंय, एकात डोंगरी तिरकी झालीय, एकात शुक्रीने डोळे मिटलेत. पण बघितलं की लगेच कळतं ही जागा कुणाची ते. तोवर खाणीची परवानगी होऊन गेली होती. ते फोटो अजून तिच्या मोबाईलमध्येच आहेत.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात यंत्रं आली. पहिला सुरुंग झाला तेव्हा लक्ष्याच्या दोन गाभण गायी गाभडल्या. पावसाळा आला, पण डोंगरी बंद ठेवायला आता तिच्यावर होतं काय? अर्धी बाजू कापलेली. उरलेल्या अर्ध्या बाजूचं गवत धुळीने पांढरं. ओहोळात राखेसारखा गाळ. तो चाटून माझ्या नातीच्या रेडकाला जुलाब लागले आणि ते गेलं. मग पाड्यातली गुरं एकेक करून निघाली. लक्ष्याची आठही जनावरं एका टेम्पोत चढली आणि तलासरीच्या हायवेला लागली. पुढे कुठे गेली ते त्याने विचारलं नाही, आणि आम्हीही त्याला विचारलं नाही. लाहू भिवंडीला कामाला गेला. मला कुणी नेणार नव्हतं, म्हातारीला कोण घेतो? आणि घेणारा कशासाठी घेतो, हेही मला ठाऊक आहे.

सगळ्यात वाईट झालं ते हिराबाईचं. ती बोलेनाशी झाली. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसते, पण एक शब्द नाही. कॅलेंडर तिने उतरवून चुलीत घातलं, तेही गप्पच. आपण नेम पाळला म्हणून डोंगरी गेली, की नेम पाळणारं आता कुणी मोजत नाही म्हणून गेली, हे तिच्या डोक्यात फिरत असावं. मला विचारलं असतं तर मी काय सांगणार होते?

मित्रांनो, आता तुमच्या घरोघरी मोबाईल आहेत, आणि तुम्हीही डोंगरांचे, नद्यांचे फोटो काढता. जरूर काढा. चांगली जागा बघून डोळे भरून येणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण हिरवं गवत दिसलं की एकदा विचारा, हे कुणी राखलंय? नदी निवळ दिसली की विचारा, हिच्यात कपडे कुठे धुवायचे नाहीत हे कुणी ठरवलंय? उत्तर देणारं माणूस बहुतेक तिथेच कुठेतरी वाकलेलं असतं. त्याला बाजूला व्हायला सांगू नका. त्याची पाटी, त्याचा विळा, त्याची म्हैस, येऊ द्या सगळं. फोटो थोडा कमी देखणा होईल. होऊ द्या. तुम्ही ज्याला नुसता देखावा समजता, ते कुणाचं तरी वर्षभराचं काम असतं, आणि फोटोतून काम पुसलं की जागा फुकटची दिसायला लागते. फुकटची जागा दिसली की तिच्यावर हात टाकणारे फार लांब नसतात.

परवा तुषार आला. चार वर्षांत पोक्त दिसायला लागलाय. त्याने खाणीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. खोटं नव्हतं ते. त्याला खरंच रडू येत होतं.

"काकी," तो हिराबाईला म्हणाला, "मी चुकलो. आता मी गप्प बसणार नाही. मोठं प्रदर्शन आहे, पर्यावरणावर. मला हे सगळं दाखवायचंय. फक्त चांदरीला जरा तिकडे उभी करता का? मागे खाण येईल. आणि तुम्हीही तिच्या शेजारी बसा, अशाच. हा चेहरा असाच राहू दे."

हिराबाई माझ्या पाठीला टेकून बसली होती. तिने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. पाड्यात, पंचायतीत, साहेबापुढे, कुणापुढे ती कधी अडखळली नव्हती. तिचे ओठ हलले, आणि ती परत खाणीकडे बघायला लागली.

तुषारने कॅमेरा डोळ्याला लावला.

मग मलाच बोलावं लागलं. मी मान वर केली आणि त्याच्या तोंडावर, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं बोलले. त्याला ते म्हशीचं रेकणं वाटलं असेल. तुम्हाला मी शब्द न् शब्द सांगते:

"तुषार, तुझ्यापेक्षा चोर बरा. चोराला निदान एवढं तरी ठाऊक असतं, की घर कुणाचं तरी आहे."